तीन औषधं, एक गोळी

आपल्या स्मरणिकेच्या इतिहास विभागात दरवर्षी एखादा किल्ला असतो, नाहीतर पेशवाईतलं एखादं पत्र. मलाही ते वाचायला आवडतं. पण यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी जो इतिहास सांगणार आहे तो जेमतेम पंचेचाळीस वर्षांचा आहे. त्यातला अर्धा इथे अमेरिकेत घडला आणि एक फार मोठा प्रसंग घडला मुंबई सेंट्रलला. विषय आहे एचआयव्हीवरच्या औषधांचा. मंडळी, पान उलटू नका! आपल्या पिढीला एड्स म्हटलं की आठवतात त्या सरकारी भिंतींवरच्या लाल रंगातल्या सूचना, फार तर मुंबईत बसस्टॉपवर लागलेला तो बलबीर पाशा. भीती भरपूर शिकवली गेली, औषधाबद्दल मात्र कोणी फारसं सांगितलं नाही.

मी डॉक्टर नाही, केमिस्टही नाही. २००३ साली मास्टर्ससाठी न्यू जर्सीत आलो, आणि शिक्षण संपल्यावर पहिलं कन्सल्टिंगचं काम मिळालं ते एका मोठ्या औषध कंपनीत. आपल्यापैकी किती घरांचं मॉर्गेज या भागातल्या औषध कंपन्यांच्या पगारावर फिटलं आहे हे मी सांगायला नको. माझं काम होतं औषधांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका सिस्टिमचं. त्यात प्रत्येक औषधापुढे एक रकाना असे, पेटंट संपण्याच्या तारखेचा. त्या एका तारखेवर किती इमारती उभ्या आहेत हे कळायला लागलं, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे.

सुरुवात ५ जून १९८१ची. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया झाल्याची छोटीशी बातमी अमेरिकी सरकारच्या आरोग्य पत्रिकेत आली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक मॉन्टान्ये यांनी विषाणू शोधला. त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू एका खास जातीचा निघाला. आपल्या पेशीत माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडे जातो, तर हा पठ्ठ्या आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो, म्हणजे उलटी गंगा. ते काम करणाऱ्या एन्झाइमला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज म्हणतात. असं काही असू शकतं हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्येच दाखवून ठेवलं होतं. म्हणून औषध शोधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून एक लक्ष्य मिळालं.

पहिलं औषध तर अडगळीतच पडलेलं होतं. डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ नावाचे रसायनशास्त्रज्ञ कॅन्सरवर औषध शोधत होते. त्यांनी १९६४ साली एक संयुग बनवलं. कल्पना सुंदर होती. डीएनए म्हणजे एकात एक अडकवत नेलेल्या मण्यांची माळ समजा. हॉर्विट्झ यांनी खऱ्या मण्यासारखाच दिसणारा पण पुढे अडकवायला जागाच नसलेला मणी बनवला. तो माळेत गेला की माळ तिथेच थांबणार. कॅन्सरवर त्याचा उपयोग झाला नाही, आणि हॉर्विट्झ यांनी त्याचं पेटंटही घेतलं नाही. त्याच धर्तीचे आणखी दोन मणी त्यांनी बनवले होते, तेही कपाटात गेले. वीस वर्षांनी बरोज वेलकम कंपनीने जुनी संयुगं तपासायला सरकारी नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटकडे पाठवली. तिथे सॅम्युएल ब्रोडर यांच्या प्रयोगशाळेत हिरोआकी मित्सुया या जपानी डॉक्टरांनी फेब्रुवारी १९८५ मध्ये दाखवलं की हा मणी एचआयव्हीला थांबवतो. त्याचं नाव एझेडटी, म्हणजेच झिडोव्ह्युडिन.

१९८६ साली २८२ रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना साखरेची गोळी. काही महिन्यांत साखरेच्या गोळीवरचे १९ जण दगावले होते आणि औषधावरचा एक. चाचणी मध्येच थांबवून सगळ्यांना औषध दिलं गेलं आणि मार्च १९८७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दर चार तासांनी गोळी, रात्रीचीसुद्धा! किंमत वर्षाला आठ ते दहा हजार डॉलर. न्यूयॉर्कमध्ये ॲक्ट-अप ही रुग्णांची चळवळ त्याच महिन्यात वॉल स्ट्रीटवर उतरली. सप्टेंबर १९८९ मध्ये तर त्यांच्यातल्या सात जणांनी शेअर बाजाराच्या सज्जात शिरून स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. चारच दिवसांत कंपनीने किंमत वीस टक्क्यांनी उतरवली. सरकारी पैशातून झालेलं संशोधन, सरकारी प्रयोगशाळेतली चाचपणी, आणि पेटंट मात्र कंपनीचं. हा वाद पुढेही अनेकदा उफाळला.

पण खरी निराशा वेगळीच होती. एझेडटीवर माणूस काही महिने सुधारायचा आणि मग पुन्हा घसरायचा. १९९१ ते १९९५ या काळात याच वर्गातली आणखी औषधं आली: डिडॅनोसिन, झाल्सिटाबिन, स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन. यातली झाल्सिटाबिन आणि स्टॅव्ह्युडिन ही हॉर्विट्झ यांच्या कपाटातली उरलेली दोन. सगळ्यांची तीच गत. १९९३ मध्ये युरोपातल्या कॉन्कॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीने सांगितलं की लक्षणं दिसण्याआधीच एकटी एझेडटी सुरू करून दीर्घकाळात काही हाती लागत नाही. त्या वर्षी या क्षेत्रातले लोक अगदी खचले होते असं त्यांच्या आठवणींतून जाणवतं.

का होत होतं असं? इथे माझ्या धंद्याची थोडी सवय कामी येते, आकडेमोडीची. एचआयव्हीचं संपूर्ण पुस्तक साधारण दहा हजार अक्षरांचं. त्याची नक्कल करणारा कारकून अत्यंत निष्काळजी, दर तीन-चार प्रतींमागे कुठेतरी एक चूक करतो आणि तपासून बघत नाही. उपचार न घेणाऱ्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. आता एखाद्या औषधाला चुकवायला एका ठराविक अक्षरात बदल पुरतो असं धरा, आणि तो बदल होण्याची शक्यता ढोबळमानाने लाखात एक धरा. मग असे विषाणू रोज एक लाख जन्मतात! औषध सुरू होण्याआधीच ते तयार बसलेले असतात, आणि औषध बाकीच्यांना मारून त्यांच्यासाठी मैदान मोकळं करून देतं. दोन औषधं एकदम दिली तर दोन्ही चुका एकाच प्रतीत व्हायला हव्यात. लाख गुणिले लाख, म्हणजे हजार कोटीत एक. तरीही रोज एक निघतोच. तीन औषधं एकदम दिली तर असा एक विषाणू निघायला एक लाख दिवस लागतील, म्हणजे पावणेतीनशे वर्षं. ही आकडेमोड फार ढोबळ आहे, जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी रागावू नये. पण गाभा हाच आहे. तीन औषधं हवीत, ती एकदम हवीत, आणि एकही डोस चुकता कामा नये.

तिन्ही एकाच वर्गातली असून भागत नाही, कारण एकाच जागी घाव घालणारी औषधं एकाच चुकीने निकामी होऊ शकतात. म्हणून दुसरे वर्ग हवे होते. ते आले १९९५ ते १९९६ या अवघ्या काही महिन्यांत. विषाणू आपली प्रथिनं एका लांब सलग पट्टीत बनवतो, आणि मग प्रोटिएज नावाची कात्री ती पट्टी योग्य जागी कापते. त्या कात्रीचा आकार १९८९ मध्ये कळला होता. तिच्या पात्यात अडकून बसणारं पहिलं औषध सॅक्विनाव्हिर, डिसेंबर १९९५. मार्च १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर. जून १९९६ मध्ये तिसऱ्या वर्गातलं पहिलं, नेव्हिरापिन. हे खोटा मणी बनत नाही. ते मणी ओवणाऱ्या यंत्रातच पाचर ठोकतं. जुलै १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या जागतिक परिषदेत तीन औषधांच्या उपचाराचे निकाल मांडले गेले. रक्तात विषाणू सापडेनासा होत होता! अंथरुणाला खिळलेली, मृत्युपत्रं करून बसलेली माणसं उठून कामावर जायला लागली. १९९६ ते १९९७ या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू चाळीस टक्क्यांहून जास्त घटले. वैद्यकाच्या इतिहासात असा उतार क्वचितच दिसतो.

अर्थात ते औषध घेणं ही एक नोकरीच होती. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, वर दिवसभर लिटर-दीड लिटर पाणी, नाहीतर मुतखडा. सॅक्विनाव्हिर मात्र भरल्या पोटी. रिटोनाव्हिरची तर गंमतच झाली. १९९८ साली कारखान्यात एके दिवशी ते वेगळ्याच प्रकारच्या स्फटिकात उतरायला लागलं, आणि पूर्वीचा स्फटिक काही केल्या परत येईना. कॅप्सूल बाजारातून काढून घ्यावी लागली. प्रोडक्शनमध्ये दोन वर्षं नीट चाललेली सिस्टिम कोणीही हात न लावता बंद पडावी तसं! पुढे हे औषध थोड्या मात्रेत, दुसऱ्या औषधाला रक्तात टिकवून धरण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. कोविडच्या पॅक्सलोव्हिडमध्ये जी दुसरी गोळी असते ती हीच.

इथवरची गोष्ट इथल्या कोणत्याही ग्रंथालयात मिळेल. आता मुंबईकडे वळतो.

१९९६ नंतर उपाय माहीत होता, पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. आणि एचआयव्ही असलेली बहुसंख्य माणसं होती सहाराच्या दक्षिणेला, आफ्रिकेत. आपल्याकडे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. पुढच्या दहा वर्षांत मुंबई, पुणे, सांगली, सोलापूर, हायवेवरची गावं... महाराष्ट्र या यादीत फार वर राहिला, आजही रुग्णसंख्या आपल्याच राज्यात सर्वाधिक आहे.

सांगलीला आमच्या गल्लीत एक दादा होते, ट्रकवर ड्रायव्हर. गणपतीत आम्हा पोरांना ट्रकच्या हौद्यात बसवून मिरवणूक दाखवणारे. १९९९ मध्ये ते गेले. टीबी झाला होता, असं सगळे म्हणाले. टीबी होताच, पण तेवढाच नव्हता, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कोणीही बोललं नाही. घरच्यांनी त्यांची ताटवाटी फेकून दिली. वहिनींना चार वर्षांच्या मुलासकट माहेरी धाडलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. ज्या तीन औषधांनी ते वाचले असते, ती त्या वेळी जगात होती. त्यांच्या वर्षभराच्या कमाईत त्यांचा एक महिनाही निघाला नसता.

आता मुंबई सेंट्रलजवळच्या बेलासिस रोडवर चला. तिथे सिप्लाचं मुख्य कार्यालय होतं. ही कंपनी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली काढली. गांधीजी १९३९ मध्ये तिला भेट देऊन गेले होते. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद केंब्रिजला नोबेलविजेते ॲलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली पीएचडी झालेले, म्हणजे पेढीवर बसलेले नुसते शेठजी नव्हेत. भारतात १९७० साली नवा पेटंट कायदा झाला, १९७२ मध्ये तो लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे. मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षांचं. वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवा, कायदा आडवा येणार नाही. आपल्याकडच्या केमिस्टांनी ही वेगळी वाट शोधण्यात हयाती घालवल्या. एझेडटीची वाट हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामा राव यांनी काढून दिली. त्याआधी त्यांची बरीच वर्षं पुण्याच्या एनसीएलमध्ये गेली होती. १९९३ मध्ये सिप्लाने ते औषध भारतात आणलं.

मग प्रश्न आला तीन औषधांचा. हमीद यांनी निवडली स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन. पहिली दोन खोटे मणी, तिसरी पाचर. बाकीच्या जगात पहिल्याचं पेटंट येल विद्यापीठाकडे आणि परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे, दुसरं ग्लॅक्सोकडे, तिसरं बोरिंगर इंगेलहाइमकडे. तीन कंपन्या, तीन वकील-फौजा. विज्ञान १९९६ पासून ओरडून सांगत होतं की ही औषधं एकत्र द्या, आणि कायदा त्यांना तीन वेगळ्या बाटल्यांत ठेवत होता. तिन्ही एकाच गोळीत घालणं जिथे कायद्याने शक्य होतं अशा मोजक्या देशांत भारत होता, आणि ते करण्याची तयारी असलेला कारखानदारही तिथे होता. ट्रायोम्यून नावाची ती गोळी २००१ मध्ये आली. सकाळी एक, संध्याकाळी एक. फ्रिज नको, रात्रीचा गजर नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुग्णाला तिन्हीपैकी एकच घेऊन दोन टाळणं शक्यच नाही! बाटली संपली तर तिन्ही एकदम संपतात. मला या गोष्टीतली ही एक बाब फार भावते. कारण किमतीबद्दल सगळे बोलतात, पण गोळी एक असण्यानेही तितकीच माणसं वाचली असावीत असं माझं मत आहे.

किमतीची गोष्ट अशी. सप्टेंबर २०००मध्ये ब्रसेल्सला युरोपियन कमिशनच्या बैठकीत हमीद यांना बोलायला तीन मिनिटं मिळाली. त्यांनी तीन औषधांचा वर्षाचा खर्च ८०० डॉलर सांगितला, कोणत्याही गरीब देशाला तंत्रज्ञान फुकट देऊ केलं, आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी नेव्हिरापिन फुकट देऊ केलं. सभागृहातल्यांनी ऐकून घेतलं, आणि त्यानंतर महिनोन्महिने कोणाचाही निरोप आला नाही. मग ७ फेब्रुवारी २००१ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये बातमी आली: सिप्ला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सना वर्षाला ३५० डॉलरमध्ये औषध देणार, सरकारांना ६००मध्ये. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. त्या एका आकड्याने जगाचं गणित बदललं. मार्चमध्ये येलच्या विद्यार्थ्यांच्या आणि स्टॅव्ह्युडिनचा उपयोग शोधणाऱ्या प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ यांच्या दबावानंतर ब्रिस्टल-मायर्सने दक्षिण आफ्रिकेतला हक्क सोडला. एप्रिल २००१ मध्ये ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्धचा खटला मागे घेतला. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पंधरा अब्ज डॉलरची पेपफार योजना जाहीर केली. त्या भाषणात त्यांनी खर्च बारा हजारांवरून तीनशेच्या खाली आल्याचं सांगितलं. तो कोणामुळे आला हे मात्र सांगितलं नाही.

विरोधही झाला. २००१ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख म्हणाले होते की आफ्रिकेतल्या अनेकांना घड्याळ माहीत नाही, ते वेळेवर गोळ्या कशा घेणार? पाच वर्षांनी अनेक अभ्यासांची बेरीज करून पाहिली तेव्हा गोळ्या नीट घेणाऱ्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के भरलं आणि आफ्रिकेत ७७ टक्के!

माझ्या त्या पहिल्या प्रोजेक्टवर एक ज्येष्ठ अमेरिकन शास्त्रज्ञ होते. दुपारी जेवताना हा विषय निघाला की ते म्हणायचे, "तुमचे लोक तयार रेणूची नक्कल करतात. दहा रेणू फसल्यावर अकरावा सापडतो, त्या दहांचा खर्च कोण देणार?" हा प्रश्न मी उडवून लावत नाही. प्रोटिएजच्या कात्रीवर या कंपन्यांनी ओतलेला पैसा आणि बुद्धी खरीच होती. पण आफ्रिकेतून त्यांना तेव्हा येणारं उत्पन्न नगण्य होतं, त्यामुळे तिथे स्वस्त गोळी गेल्याने अकरावा रेणू अडला असता असं मला वाटत नाही. आमचं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ते मला दर दिवाळीला फोन मात्र आठवणीने करतात.

आपल्या बाजूचंही सगळंच सोज्वळ नव्हतं. मे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची दोन औषधं आपल्या यादीतून काढली. कारण ज्या बाहेरच्या प्रयोगशाळेत ती मूळ औषधाइतकीच उतरतात का हे तपासलं होतं, तिथल्या नोंदी निकषांत बसत नव्हत्या. चाचण्या पुन्हा करून नोव्हेंबरमध्ये ती परत यादीत आली. "कागदच तर आहेत" असं म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना मी हे उदाहरण नेहमी देतो.

आणि घरचं काय? मुंबईची गोळी जगाच्या मथळ्यांत झळकली २००१ मध्ये. भारत सरकारने ही औषधं फुकट द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ला, देशभरात फक्त आठ केंद्रांवर. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. हळूहळू केंद्रं जिल्ह्यांत पोचली. आमच्या वहिनींना त्यांच्या भावाने तिथे नेलं तेव्हा त्यांचं वजन पस्तीस किलो होतं. त्यांनाही स्टॅव्ह्युडिन असलेलीच तीन औषधं मिळाली. वर्षभरात त्या उभ्या राहिल्या, भावाच्या शेतात कामाला जायला लागल्या. पण तीन-चार वर्षांनी गाल आत गेले, तळपायांना मुंग्या यायला लागल्या. हा स्टॅव्ह्युडिनचा ओळखीचा दुष्परिणाम. श्रीमंत देशांनी ते औषध केव्हाच सोडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते बंद करत न्यायला सांगितलं २००९ मध्ये. स्वस्त गोळीची किंमत कोणीतरी चेहऱ्याने चुकवली, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. पुढे वहिनींचं औषध बदललं. त्यांच्या मुलाची तपासणी निगेटिव्ह होती. तो आता पुण्यात नोकरी करतो आणि आईला दर महिन्याला पैसे पाठवतो.

१ जानेवारी २००५ पासून भारतात रेणूवरही पेटंट मिळू लागलं, जागतिक व्यापार कराराची ती अट होती. आता संपलं सगळं, असं अनेकांना वाटलं. तसं झालं नाही, कारण कायद्यात आडकाठ्या ठेवल्या होत्या आणि रुग्णांच्या संघटना जाग्या होत्या. टेनोफोव्हिरच्या ज्या रूपाची गोळी बनते त्याचा अर्ज भारताच्या पेटंट कार्यालयाने २००९ मध्ये फेटाळला. नंतर मेडिसिन्स पेटंट पूल निघाला. यात मूळ कंपनी स्वतःच गरीब देशांपुरता परवाना देते. नव्या वर्गांची औषधंही येत राहिली. २००३ मध्ये एन्फ्युव्हिर्टाइड, विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळू न देणारं. २००७ मध्ये मॅराव्हिरॉक, दाराचं कुलूप झाकणारं. आणि त्याच वर्षी राल्टेग्राव्हिर, विषाणूचा डीएनए आपल्या डीएनएत शिवून टाकणारी सुई मोडणारं. याच शेवटच्या वर्गातलं डोल्युटेग्राव्हिर २०१३चं. त्याला चुकवणं विषाणूला फार जड जातं. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिन्हींची दिवसातून एकदा घ्यायची गोळी आज जगात उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक घेतात, आपल्याकडच्या सरकारी केंद्रांतही तीच मिळते. २०२३ मध्ये ग्लोबल फंडासाठी तिचा वर्षाचा भाव ४५ डॉलरच्या खाली आला. इथे एका कुटुंबाचं जेवण बाहेर यात होत नाही.

आणखी एक गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक चाचणी झाली, त्यात भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, हे एक केंद्र होतं. २०११ मध्ये निकाल आला: लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी सांगितलं, रक्तातला विषाणू औषधाने सापडेनासा झाला असेल तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही. दादांची ताटवाटी फेकणाऱ्या गल्लीपर्यंत हे वाक्य अजून पोचायचं आहे. ताटवाटीतून तर ते कधीच होत नव्हतं.

२०२४ अखेर जगात तीन कोटींहून अधिक माणसं ही औषधं घेत होती, त्यातली बहुसंख्य भारतात बनलेली. पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा आफ्रिकेतली कितीतरी केंद्रं रातोरात बंद पडली. पेपफारला काही प्रमाणात सूट मिळाली, तरी विस्कटलेली घडी सहज बसत नाही. रोज घ्यायच्या गोळीत खंड म्हणजे काय, ते वरच्या आकडेमोडीवरून तुम्हीच सांगा.

सगळ्यात नवा वर्ग विषाणूच्या गाभ्याभोवतीच्या डबीवर घाव घालतो. लेनाकापाव्हिर त्याचं नाव, इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा. २०२२ मध्ये ते जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी आलं. मग दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींवर, लागण होऊच नये म्हणून ते देऊन पाहिलं. २,१३४ जणींपैकी लागण झालेल्या, शून्य! जून २०२५ मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली, वर्षाची छापील किंमत २८,२१८ डॉलर. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की २०२७ पासून तेच औषध भारतीय कंपन्या गरीब देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार. मूळ कंपनीने १२० देशांसाठी ज्या सहा उत्पादकांना परवाना दिला आहे, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. हिंजवडी फेज टूला, जिथे आपल्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी कंपनीच्या बसची वाट पाहिली आहे, तिथेच तिचं आवार आहे.